आखणी

दुपार कलली तरी मोठ्या गणपतीला डोळे नव्हते. अष्टमी गावच्या मंडळाचे हैबतराव टेम्पो घेऊन पेणच्या मूर्तींच्या कारखान्यात आले होते, आणि तिकडे परतीच्या वाटेवर नागोठण्याला अंबा नदीचं पाणी चढत होतं. रस्ता बंद झाला की उद्या चतुर्थीला मंडप रिकामा.

"गुणाजी, आटपा आता," हैबतराव दारातून पुन्हा म्हणाले.

गुणाजी फळीवर उभे, हातात कुंचला. खाली रंगाची वाटी धरून सून निशिगंधा. सासऱ्यांचा हात थरथरतो हे पावसाळा लागल्यापासून कारखान्यात सगळ्यांना ठाऊक होतं हो, पण बोलायची कुणाची छाती? बायका पितांबर रंगवायच्या, निशिगंधा तर उंदराचे डोळेही काढायची. गणपतीच्या डोळ्यांची आखणी मात्र गुणाजींचीच.

कुंचला मूर्तीपाशी गेला नि मागे आला.

"निशी, आज शब्द नाय सांगितलास गो."

ती इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली. रंग कालवताना रोज तिच्याकडून एक शब्द ऐकायचा, ही म्हाताऱ्याची हौस. पण आत्ता? ते वेळ काढतायत हे तिला कळलं.

"लिम," ती म्हणाली. "जुनं क्रियापद, आता कुणी वापरत नाही. म्हणजे चित्र काढणं. पण मुळात लॅटिन, तिथे अर्थ उजळणं. हातानं लिहिलेल्या पोथ्यांत सोनं, रंग भरायचे ना, त्यावरून."

"म्हणजे चितारणारा उजेड करतो?"

"व्हय."

"बरोबर हाय. आखणी होईस्तोवर आत काळोखच."

त्यांनी डाव्या हातानं उजवं मनगट घट्ट धरलं नि कुंचला पापणीपाशी नेला. एक रेघ चुकली तर चेहरा पुन्हा रंगवायचा, वाळवायचा. तेवढा वेळ कुठला? टोक हवेत नाचत होतं. निशिगंधाला बघवेना.

"मामा, हात हलतोय तुमचा."

पितांबर रंगवणाऱ्या बायकांनी मान वर केली. आता म्हातारा खातोय मला, असं निशिगंधाला वाटलं.

"व्हय," गुणाजी म्हणाले. "हलतो." तिच्या खांद्याला धरून ते खाली उतरले आणि कुंचला तिच्या हातात दिला. "चढ."

"सून काढणार?" हैबतराव पुढे आले.

"तुमाला डोळे पायजेत का माझा हात?"

निशिगंधा चढली. बोटं स्थिर होती. गुणाजी मूर्तीकडे पाठ करून उभे राहिले. तिनं एक डोळा काढला, मग दुसरा.

"दिसतं काय गो त्याला?" त्यांनी न वळताच विचारलं.

"दिसतंय, मामा."

तेव्हा कुठे म्हातारा वळला, आणि सगळ्यांदेखत त्याला रडू फुटलं.