आकडे आतल्या बाजूला

टायरच्या एका अंगाला लांबट चौकटीत चार आकडे असतात. दुसऱ्या अंगाला ते नसतात. गाडीला टायर चढवताना चौकटीचं अंग आत ठेवायचं, हे मला काशीगावच्या या दुकानात पहिल्याच आठवड्यात सांगितलं आणि एकवीस वर्षं मी ते पाळलं. कापडाला सुलटी-उलटी बाजू असते, तसं काहीतरी असेल असं वाटायचं.

एकसष्टाव्या वर्षी पेणकरपाड्याच्या विहारात क्षितिजा मॅडमच्या साक्षरता वर्गाला बसलो. पाटीवरचं काही डोक्यात टिकत नव्हतं. टायरवरचं टिकलं, कारण तिथे आकडे उठून असतात, बोट फिरवलं की कळतात. मग एक दिवस दुकानाच्या दारामागचा तक्ता वाचला. त्याच्यावरची धूळ रोज मीच पुसत होतो. पहिले दोन आकडे टायर बनल्याचा आठवडा, पुढचे दोन साल.

त्या दुपारी गोदामातून आलेल्या, काळं पॉलिश मारलेल्या 'नव्या' टायरांवर मी बोट फिरवत गेलो. चौदा. चौदा. तेरा. दहा-बारा वर्षांचा माल. रबर नखाला दगडासारखं लागत होतं; असा टायर चालत्या गाडीखाली फुटतो.

मला वाचता येतं हे मालकाला, अनिशशेठला, माहीत नव्हतं. दुकानामागची खोली त्याच्या बापाने आम्हाला राहायला दिलेली. माझी बायको वैजयंता गुडघ्यांमुळे खोलीच्या उंबऱ्यापलीकडे जात नाही. खोली दुकानाची आणि दुकान शेठचं. तीन महिने मी गप्प बसलो. टायर चढवत राहिलो, आकडे आत ठेवून.

सोमवारी उत्तनचा कॅल्विन शाळेची व्हॅन घेऊन आला. पुढचे दोन टायर गेल्या महिन्यात मीच बसवले होते. आज मागचे दोन होते.

"काका, घाई हाय. साडेबाराला शाळा सुटते."

"किती पोरं नेतोस?"

"अकरा. पासिंग किती जणांचं ते इचारू नको."

"मामा, बातें बाद में," शेठ खुर्चीतून म्हणाला. "टायर चढव."

मी टायर रिमवर घेतला. हात आपसूक चौकट आत वळवायला लागले. मी थांबलो, टायर पालथा केला. चाक बसवून नट आवळले. आकडे बाहेर, अगदी समोर. मी तिथेच उकिडवा बसून राहिलो.

कॅल्विनने पाहिलं. "काय चमकतंय," म्हणाला आणि परत मोबाईलमध्ये घुसला.

शेठ मात्र उठून आला. "मामा, बाजू चुकली."

"चुकली नाय."

"म्हातारा झालास. काढ, उलटा लाव."

मी पाना लावला. एक नट सैल केला, मग दुसरा. आत वैजयंता भांडी घासत होती. तिसऱ्या नटावर पाना तसाच सोडला.

"कॅल्विन, इकडे ये. इथे बोट ठेव. हा टायर दोन हजार चौदाच्या अठराव्या आठवड्यातला आहे."

शेठ हसला. "याचं काय ऐकतोस? अंगठाछाप आहे."

"तक्ता दारामागे आहे, शेठ. वाचून दाखवतो."

कॅल्विन वाकला. त्याने आकड्यांवर बोट फिरवलं, मग नखाने रबर खरवडलं.

"पुढचे दोन पण असलेच," मी म्हणालो. "ते लावले तेव्हाही मला वाचता येत होतं."

तो शेठकडे बघेल असं वाटलं होतं. तो माझ्याकडेच बघत राहिला. "मग तवा का न्हाय बोललास, काका? महिनाभर पोरं बसतात माझ्या मागं."

मी मागे खोलीच्या दाराकडे बघितलं.

त्याने बहिणीला फोन लावला. तीही शाळेची व्हॅन चालवते. "इनेझ, माझी पोरं आज तू घे. दोन फेऱ्या मार. माझी गाडी हलणार न्हाय." फोन खिशात टाकून तो मला म्हणाला, "काढ सगळी."

मी जॅक पुढच्या चाकाखाली सरकवला. शेठने माझ्यासमोर हात धरला.

"खोलीची चावी."

"देतो," मी म्हणालो. "आधी ही चाकं उतरवतो. मग वैजयंताला हात देऊन उठवायला थोडा वेळ लागेल."