श्राद्धाचे पान

गणेशशास्त्र्यांचे पुत्र महादेवभट. महादेवभटांच्या पोटी इकडची स्वारी, ज्यांचे नाव मी घेत नाही. आणि आमच्या पोटी हरिहर. आधीच्या तिघांनी हयातभर पंगती गाजवल्या. हरिहरच्या वाट्याला ग्रहणी आली. दोन घास पोटात गेले की मुरडा. कधी कोठा बंद, कधी परसाकडे धाव. कल्याणच्या वैद्यांनी दूध, गहू, उडीद, तळण सारे बंद करून ताक, मऊ भात आणि मुगाचे कढण एवढेच ठेवले. माझ्या सुनेने, सुहासिनीने, पावसाळाभर हे पथ्य राखले, तेव्हा कुठे तो पुन्हा कचेरीत जाऊ लागला. रजा सारी संपली होती. पुन्हा अंथरूण धरले तर नोकरी जाणार, हे साहेबांनी बजावलेच होते.

भाद्रपदात ठाकुर्लीचा गोपीनाथ दारात उभा राहिला.

"काकू, उद्या वडिलांचे श्राद्ध. मुलगी परजातीत दिली म्हणून एकही ब्राह्मण पानावर बसत नाही. हरिहरला पाठवाल?"

"त्याचे पथ्य तुला ठाऊक नाही?"

"ठाऊक आहे. म्हणून तर सगळीकडून नकार घेऊन शेवटी इथे आलो."

पुढचे मला ठाऊक होते. मामंजी प्लेगात गेले, त्या वर्षी आमचा उंबरा कोणी ओलांडीना. त्यांच्या श्राद्धाला गोपीनाथचे वडील एकटे आले, आणि वाढलेले सारे जेवून उठले.

"सासूबाई, नाही म्हणा ना! या घरात तुमचा शब्द कोण मोडतो?" सुहासिनी कळवळली.

"इथे माझा शब्द चालत नाही, मुली."

"थोडेसेच खाईन, आई," हरिहर म्हणाला.

"श्राद्धाच्या पानात टाकायचे नसते. गोपीनाथचे वडील उपाशी उठतील."

मी बरोबर गेले. उडदाचे वडे, खीर, पुरण. हरिहर घाम पुशीत जेवत होता. मला त्याच्याकडे पाहवेना आणि नजर काढवेना. शेवटी गोपीनाथने हात जोडून विचारले, "तृप्त झालात?"

"तृप्त झालो," हरिहर म्हणाला. पान स्वच्छ होते.

दिवेलागणीपासून तो पोट धरून लोळू लागला. वैद्यांना निरोप धाडला. पथ्य मोडणाऱ्यास औषध नाही, असे उत्तर आले. साऱ्या घराला धाकात ठेवणारी मी, हातात पाण्याचा तांब्या घेऊन नुसती उभी होते. दसऱ्याला तो अंथरुणातच होता. कचेरीत त्याच्या जागी दुसरा बसला.

गोपीनाथ खाली मान घालून आला. "काकू, तुमचे हे ऋण..."

"ऋण आमचे होते," मी म्हणाले. "ते पुरते फिटले. चहा घेऊन जा."