सावकाश वाजलेली घंटा

मी घंटा बोलतेय. घंटा वाजते, ती बोलणार कुठून, असं तुम्ही म्हणाल. पण ऐकणाऱ्याला दोन्ही सारखंच. ज्या तोंडाने मी जेवायला बोलावते त्याच तोंडाने माणूस गेल्याचंही सांगते. काय सांगायचं हे मात्र मी ठरवत नाही. ज्याच्या हाती दोर, तो ठरवतो.

मला ओतणाऱ्या ओताऱ्याची जरा घाई झाली, म्हणून माझा काठ एका जागी खडबडीत राहिला. तेवढ्यावरून एका शाळेने मला नाकारलं आणि मिशनच्या या दवाखान्याने ठेवून घेतलं. तेव्हापासून अंगणात दोन लोखंडी खांबांच्या मधे टांगलेली आहे. एका अंगाला वॉर्ड, दुसऱ्या अंगाला छोटं चर्च, समोर फाटक आणि वळणापर्यंत दिसणारा रस्ता. वळणापलीकडचं मला फक्त ऐकून माहीत.

इथली रीत सोपी. भरभर वाजले तर प्रार्थना. तीन टोले पडले तर जेवण. आणि एक टोला, मग थांबणं, मग पुन्हा एक टोला, अशी सावकाश वाजले तर वॉर्डातलं कुणीतरी गेलं. मग ज्यांचं माणूस आत असेल त्या घरांतून लोक धावत निघतात. माझा दोर इतकी वर्षं एकटे माळीबाबाच ओढत आले, त्यामुळे ही रीत कुणाला समजावून सांगायची वेळच आली नव्हती.

मग परदेशातून एक कुटुंब वर्षभर सेवा करायला आलं. बाप नळकाम करणारा, आई शिवणकाम करणारी, आणि नऊ वर्षांची मुलगी. तिला ते चिमणी म्हणत. त्यांच्या खोलीची भिंत पातळ, म्हणून मनातलं बोलायला ती दोघं माझ्याखालच्या बाकावर येऊन बसत. असं मला त्यांचं सगळं कळू लागलं.

सगळ्या काळज्याच होत्या. एक पेटी वाटेत हरवली होती. चिमणी दोन घासांवर उठत होती. इथली भाषा कळत नव्हती. आईला धुण्याच्या खोलीत उशांचे अभ्रे शिवायला मिळाले, पण बापाने पहिल्याच दिवशी गळके नळ नीट केले आणि पुढच्या कामाचं सामान काही येईना. तीन दिवस तो हात चोळत फिरला. जो दिसेल त्याच्या हातातली बादली घ्यायला जायचा.

"उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग," आई म्हणाली. "मिळेल हो काम. जरा दम धरा."

"अगं, बसून खातोय आपण. हे लोक काय म्हणत असतील?"

रविवारी सकाळी माळीबाबा तापाने अंथरुणातून उठले नाहीत. वॉर्डाच्या मुख्य नर्स, त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणतात, घंटेला कोण असं विचारत बाहेर आल्या. बाप पुढेच होता. मोडक्यातोडक्या इंग्रजीत आणि खुणांनी त्याने सांगितलं की आमच्या गावी चर्चची घंटा माझे वडील वाजवायचे, त्यांच्यामागे मी. बाईंनी दोर दाखवला आणि त्या आत गेल्या.

त्याने हात धुतले, डोळे मिटले. त्याच्या गावी रविवारची घंटा अशी वाजते: एक टोला द्यायचा, प्रभूची प्रार्थना मनात पूर्ण म्हणायची, मग दुसरा टोला.

पहिला टोला पडला तेव्हा मला काही वाटलं नाही. तो थांबला तेव्हा मात्र कळलं, हे तर माणूस गेल्याचं वाजणं. भरभर ओढ रे बाबा, भरभर ओढ, असं मी मनात म्हणत राहिले. दुसरा पडला. पुन्हा तेवढीच शांतता. इतकं सुंदर मला कधी कुणी वाजवलं नव्हतं, आणि मी तर भीतीने गार पडले होते.

वॉर्डात त्या दिवशी अकरा आजारी होते. पाचव्या टोल्याला वळणावरून माणसं धावत आली. पाववाला पिठाच्या हातांनी, शाळेतली बाई अनवाणी, एक म्हातारा सुनेच्या खांद्याला धरून. सगळे एकच शब्द विचारत होते. कोण? बापाला तो शब्द कळला नाही. त्याला वाटलं, लोक उपासनेला आले. त्याने दोर सोडला, हात जोडले आणि तोंड भरून हसला.

"या, या," तो म्हणाला.

ते हसू पाहून शाळेतली बाई तिथेच खडीवर मटकन बसली. तिचा नवरा आत होता.

मोठ्या बाई पळत आल्या, सगळे बरे आहेत म्हणून ओरडल्या, पण कुणाचा विश्वास बसेना. शेवटी त्यांनी वॉर्डाची दारं उघडली आणि प्रत्येकाला आपापलं माणूस डोळ्यांनी बघू दिलं. पाववाला सर्वांत शेवटी बाहेर आला. तो बापासमोर उभा राहून जे बोलला ते बाईंनी जसंच्या तसं त्याला समजावलं: "माझी आई जिवंत आहे. पण फाटकापर्यंत येईतो मी तिला मनात पुरून आलो."

दुपारी बाप बाकावर बसला तो खाली मान घालून. परत जाऊ म्हणाला. इथे आता कुणी आपलं तोंड बघणार नाही.

"जाऊ," आई म्हणाली. "पण आधी त्या अकरा घरी जाऊन या. अहो, तसेच गेलात तर या लोकांच्या डोळ्यांपुढे तुम्ही कायम हसत उभे राहाल."

माफ करा याला इथे काय म्हणतात ते चिमणीने धुणं धुणाऱ्या बाईंकडून घोकून घेतलं आणि बापाचं बोट धरून निघाली. संध्याकाळी दोघं परतली. नऊ घरांनी ऐकून घेतलं. शाळेतल्या बाईने तर बसवून पाणी दिलं. दोन दारं उघडली नाहीत. त्यातलं एक पाववाल्याचं.

पण माझं काय झालं ते सांगते. सोमवारी मोठ्या बाईंनी स्वतः जेवणाचे तीन टोले दिले. पहिल्या टोल्याला रस्त्यावरचा एक माणूस जागच्या जागी थांबला, आणि दुसरा, तिसरा पटापट पडेपर्यंत हलला नाही. मग रोज कुणी ना कुणी तसं थांबू लागलं. इतक्या वर्षांत असं माझ्या वाट्याला कधी आलं नव्हतं.

त्याच सोमवारी परांचीवरून, म्हणजे बांधकामाच्या फळ्यांवरून, कोसळलेल्या एका गवंड्याला आणलं होतं. बुधवारी भर दुपारी तो गेला. माळीबाबांचा ताप अजून उतरला नव्हता. मोठ्या बाईंचे हात त्या देहापाशी गुंतलेले. त्यांनी बापाकडे पाहिलं, दोराकडे मान हलवली आणि या वेळी हळू म्हणाल्या, "सावकाश."

बापाने दोर धरला. ओढवेना त्याला. मग त्याने दोर पुन्हा खांबाला गुंडाळला, आत जाऊन विचारलं की याचं घर कुठे, आणि चालू लागला. आईने शिवणातली कात्री खाली ठेवली आणि नवी चादर घेऊन वॉर्डात गेली.

मी थांबून राहिले. मेलेल्या माणसासाठी न वाजता अशी मी कधी थांबले नव्हते. वाटेत कुणी दुसऱ्याने त्या घराला भलतंच सांगितलं तर? त्यांनी याला मारलं तर? याला तर बोलताही येत नाही.

वळणावर दोन माणसं दिसली. बाप, आणि त्याच्या शेजारी गवंड्याचा भाऊ, कोपरापर्यंत सिमेंटने माखलेला. दोघं सावकाश येत होती. दुकानांतून, ओट्यांवरून लोक त्यांना बघत होते. पाववाला दारात आला, त्याने दोघांकडे पाहिलं आणि आपलं फडकं खांद्यावर टाकून त्यांच्या मागे चालू लागला.

भाऊ आत जाऊन आला. बापाने दोर सोडवला तेव्हा त्याने बापाच्या हाताच्या वर आपला हात ठेवला. मी वाजले. एक टोला, मग थांबणं. रस्त्यावर कुणी धावलं नाही. कुणाचं माणूस गेलं ते सगळ्यांना ठाऊक होतं.

याला आता दहा दिवस झाले. माळीबाबा उठून बसलेत. मोठ्या बाईंनी ठरवून टाकलंय की आधी त्या घरी माणूस जाईल, मग दोर ओढायचा. परत जायचं बोलणं बाकावर पुन्हा निघालं नाही. राहायचंही कुणी म्हणालं नाही. मला मात्र अजून दोर हलला की धाकधूक होते.

तुम्हाला एवढंच सांगणं आहे. तुमच्याकडे कुणी नवं माणूस मदतीला आलं, तर त्याच्या हाती दोर देण्याआधी त्याला विचारा, तुमच्या गावी घंटा कशी वाजते हो? आम्ही कुणीच विचारलं नव्हतं.