रिकामी गोळी

मित्रांनो, माणसाचे हृदय आत कसे हलते हे पहिल्यांदा पाहिले की कुणालाही नवल वाटते. मलाही वाटले होते. पुढे इतकी हृदये पाहिली की नवल संपले आणि नुसता थकवा उरला. मी एक जुने इको मशीन आहे. पुण्यातल्या एका धर्मादाय रुग्णालयात, तळमजल्यावरच्या अडगळीच्या खोलीत, फाटक्या गाद्यांच्या शेजारी सध्या माझा मुक्काम आहे. अंगावर चादर घातलेली आहे. ती धुळीसाठी आहे असे म्हणतात, पण वरून कुणी रिकामी बाटली ठेवते, कुणी छत्री.

माझा जन्म समुद्रापलीकडचा. देशाने बाहेरच्या मालाला दारे उघडली त्या वर्षांत मी लाकडी खोक्यात बसून इथे आले. मला पाहायला शहरातले डॉक्टर जमले होते. एकाने माझ्या पडद्याला हारही घातला. माझे काम तसे साधे. छातीवर थंडगार जेली लावायची, त्यावर माझा छोटा दांडा टेकवायचा, की आतले हृदय काळ्या-पांढऱ्या रंगात पडद्यावर दिसू लागते. प्रत्येक ठोक्याला ते किती रक्त बाहेर ढकलते, ते मी मोजते. निरोगी हृदय आतले निम्म्याहून जास्त रक्त ढकलते. दमलेल्या हृदयाला तेवढे जमत नाही. मग पायांवर सूज येते, जिना चढताना धाप लागते, आडवे झाले की जीव गुदमरतो.

मला चालवायची हेमा. ती यवतमाळकडची, शिकायला म्हणून पुण्यात आली आणि इथलीच झाली. वाघोलीहून दोन बस बदलून यायची, पर्स खुंटीला अडकवायची आणि न बोलता माझे बटण दाबायची. कामावर आल्या आल्याच ती दमलेली असे. तरी तिचा हात फार हलका होता. रोग्याच्या अंगाला लावण्याआधी जेलीची बाटली ती तळव्यात धरून जराशी कोमट करायची. हे तिला कुणी शिकवले नव्हते.

काही वर्षांनी रुग्णालयात रंगीत चित्रे दाखवणारे नवे मशीन आले. मला वाटले, आता आपले संपले. पण त्याच सुमाराला डॉक्टर शरच्चंद्र यांनी एक नवे काम हाती घेतले. दमलेल्या हृदयासाठी एका कंपनीने नवी गोळी काढली होती. ती खरोखर उपयोगी आहे का, हे अनेक देशांत तपासायचे होते, आणि त्यातले काही रोगी आमचे असणार होते. मोजमाप सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच मशीनवर करायचे, असा त्या कामाचा नियम होता. नवे मशीन रोजच्या रोग्यांतून मोकळे होत नसे, म्हणून मला एक स्वतंत्र खोली मिळाली, आणि हेमा माझ्याबरोबर आली.

त्या खोलीत आलेली दोन माणसे मी विसरू शकत नाही. एक हिंजवडीचे रावसाहेब. धिप्पाड शेतकरी, पण हृदय अगदी ढिले पडलेले. बरोबर बायको द्वारकाबाई. दुसऱ्या विजयमालाबाई, शाळेतून निवृत्त झालेल्या. एकट्या राहत, एकट्याच येत. त्यांना सगळे नुसते ‘बाई’ म्हणत.

डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून सगळे नीट सांगितले. "तुमची नेहमीची औषधं चालूच राहतील. त्यांच्या जोडीला अर्ध्या लोकांना ही नवी गोळी मिळेल. उरलेल्यांना हुबेहूब तशीच दिसणारी, पण रिकामी. आत औषध नाही. कुणाला कुठली, ते शेवटपर्यंत कळणार नाही."

"तुमाला तर ठावं असंल?" रावसाहेबांनी विचारले.

"मलाही नाही. माहीत असलं की माझं मन झुकतं. हेमाचंही झुकेल."

"म्हंजे ही फसवाफसवीच की, डाक्टर."

"आधी सांगून केली तर तिला फसवणूक म्हणत नाहीत. नको वाटलं तर आत्ता नाही म्हणा. मध्येच सोडलंत तरी चालेल. तुमच्या उपचारात काही फरक पडणार नाही."

बाई चष्मा पुसत म्हणाल्या, "थोडक्यात, परीक्षा माझी, आणि पेपर तपासणाऱ्यालाही उत्तर येत नाही. आमच्या शाळेत हेच चालायचं. कुठे सही करू?"

रावसाहेबांनीही सही केली. इथले आकडे हिंजवडीच्या एका मोठ्या कार्यालयात जातात आणि तिथली पोरे ते संगणकात भरतात, असे हेमाने त्यांना सांगितले. त्यावर ते खो-खो हसले. "आमचंच रान घेतलं, त्यावर काचेची बिल्डिंग बांधली, अन् आता तिथं बसून माझंच काळीज मोजत्यात व्हय?" हसताना त्यांना धाप लागली. द्वारकाबाई पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

महिने गेले. रावसाहेबांच्या पायांवरची सूज उतरली. ते गावात देवळापर्यंत जाऊन येऊ लागले. पडद्यावर मला दिसत होते की त्यांचे हृदय पूर्वीपेक्षा बरे आवळते आहे. "मला खरीच गोळी लागली," असे ते बाकावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. बाईंचे मात्र उलटे चालले होते. फाटकापासून खोलीपर्यंत येताना त्या भिंतीला टेकून उभ्या राहत. दोघांची भेटीची वेळ बहुधा एकच असे, त्यामुळे बाकावर त्यांची चांगली मैत्री जमली. रावसाहेब त्यांच्यासाठी परसातली गवती चहाची जुडी आणत. बाई त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवत आणि प्रत्येक बातमीला नावे ठेवत.

एकदा तपासणीसाठी कुशीवर वळण्याआधी बाईंनी कमरेच्या पिशवीतून कागदाची पुडी काढून हेमाच्या हातात दिली. आत त्या नव्या गोळ्या होत्या.

"ह्या तुमच्या, बाई?"

"माझ्या घरी आहेत. ह्या रावसाहेबांच्या. गेल्या खेपेला गवती चहाच्या जुडीत घालून दिल्या त्यांनी. म्हणाले, माझी गोळी खरी आहे, तुम्ही पण घ्या, म्हणजे तुम्ही पण हिंडाल-फिराल." बाई थोडा वेळ श्वास घेत थांबल्या. "मी एकही घेतलेली नाही. पण त्या माणसाला रागावू नका. मला इतकं कुणी काही दिलेलं नाही."

हेमा ती पुडी हातात धरून तशीच उभी राहिली. सांगितले, तर कदाचित दोघांनाही या कामातून काढतील, आणि त्या भेटींवर दोघांचाही जीव होता. न सांगितले, तर उद्या आणखी कुणी कुणाची गोळी घेईल. शेवटी ती डॉक्टरांकडे गेली.

डॉक्टरांनी रावसाहेबांना माझ्याच खोलीत बोलावले. ते ओशाळले नाहीत. "बाई मला भैनीवानी हायत. मी हिंडतोय अन् त्या भित धरून चालत्यात. वाटून खाल्लं तर काय बिघडलं?"

"भाकरी असती तर मी काही बोललो नसतो," डॉक्टर म्हणाले. "पण त्यांचीही गोळी खरी असली तर? दुप्पट औषधानं त्यांचा रक्तदाब उतरला असता, जिन्यात पडल्या असत्या. आणि तुमच्या पोटात कमी गेल्या, ते वेगळंच."

रावसाहेबांचा चेहरा उतरला. हा विचार त्यांनी केला नव्हता. घडले ते डॉक्टरांनी या कामावर देखरेख करणाऱ्या समितीला जसेच्या तसे कळवले. दोघांना समज देऊन पुढे चालू ठेवण्याची परवानगी आली. बाकावर दोघे पुन्हा शेजारी बसू लागले, पण रावसाहेब बरेच दिवस बाईंच्या नजरेला नजर देत नव्हते.

मित्रांनो, आता एक अवघड गोष्ट सांगते. माझ्या पडद्यावर हृदयाच्या कडेने जी रेघ काढायची, ती माणसाच्या हाताने काढायची असते. हृदय आवळले गेले असताना ती रेघ केसभर आत घेतली, की आकडा वाढतो. कुणाला कळतही नाही. बाईंच्या एका तपासणीला हेमाचा हात त्या जागी थांबला. बाईंचे हृदय इतके मंद हलत होते की माझ्याच्याने पाहवत नव्हते. खोलीत दुसरे कुणी नव्हते. माझा पंखा घरघरत होता.

बाईंनी मान वळवून तिच्याकडे पाहिले. शिक्षिकाच त्या, सगळे समजल्या. "हेमा, मी उभी हयात पेपर तपासले. दयेचे गुण दिलेली पोरं पुढे कुठेतरी आपटतातच. मला ते नकोत."

हेमाने डोळे टिपले आणि रेघ जिथे होती तिथेच काढली. आकडा फार वाईट आला. बाईंनी तो पाहिला, चपला चढवल्या आणि म्हणाल्या, "अक्षर बरं आहे तुझं."

त्यानंतर त्या आल्या नाहीत. त्यांच्या भाच्याचा, माधवचा फोन आला. पुढच्या भेटीला रावसाहेब गवती चहाची जुडी घेऊन आले. हेमाने त्यांना बाहेरच गाठून सांगितले. त्यांनी ती जुडी बाकावर ठेवली आणि तिच्याशेजारी कितीतरी वेळ बसून राहिले.

अखेर काम संपले आणि कुणाला काय मिळाले होते ते उघड झाले. नव्या गोळीने माणसे जास्त जगली नव्हती. त्यांची धापही कमी झाली नव्हती, की हृदयाचा आकडाही वाढला नव्हता. आणि आमच्या या दोघांत खरी गोळी होती ती बाईंना. रावसाहेबांची रिकामी होती.

रावसाहेबांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "म्हंजे मी बाईंना फुकाचीच गोळी देत हुतो." आणि थोड्या वेळाने, "त्या गोळीनंच तर त्या गेल्या न्हाईत ना?"

"नाही. अपाय केला असं दिसलं नाही. पण उपयोगही झाला नाही."

"मग मी बरा कशानं झालो?"

"जुनी औषधं न चुकता घेतलीत. मीठ तोडलंत, रोज वजन केलंत, आणि दर भेटीला कुणीतरी तुम्हाला नीट तपासलं."

"मीठ म्या तोडलं," द्वारकाबाई म्हणाल्या. "शिव्या म्या खाल्ल्या. अन् गावभर नाव त्या गोळीचं."

ते दोघे गेल्यावर हेमा माझ्यासमोर स्टुलावर बसली. "सर, इतकी वर्षं मोजलं. आणि उत्तर काय, तर नाही. काय मिळवलं आपण?"

डॉक्टरांच्या डोळ्यांखाली काळे झाले होते. "ही गोळी बाजारात येणार नाही. जागोजागच्या मोजणाऱ्यांनी माया करून रेघा आत घेतल्या असत्या, तर या आकड्यांवर भरवसाच उरला नसता. ज्यांनी ती उगाच गिळली असती, त्यांना हे कधी कळायचं नाही. आभार मानायला कुणी येणार नाही, हेमा. चहा घे."

तिने चहा घेतला, माझा दांडा पुसून जागेवर ठेवला आणि बटण बंद केले. त्यानंतर मला कुणी सुरू केले नाही. दुसऱ्याच आठवड्यात मला अडगळीत ढकलले गेले. हेमा नव्या मशीनवर बसू लागली. मी तिच्यावर रागावले नाही, रोग्यांना चांगले चित्र हवेच.

अडगळीच्या खोलीचे दार नीट लागत नाही, म्हणून बाहेरच्या बाकावरचे बोलणे मला ऐकू येते. परवा रावसाहेबांचा आवाज आला. आता डॉक्टर दुसरी एक गोळी तपासणार आहेत.

"घरी चला," द्वारकाबाई म्हणत होत्या. "एकदा झालं तेवढं पुरं. पुन्ना रिकामीच आली म्हंजे?"

"येऊ दे की," रावसाहेब म्हणाले. "कुनीतरी रिकामी घ्यायलाच पायजे. न्हाईतर खरी कंची ते कळनार कसं? बाईंनी त्यांच्या वाटचं केलं."

मित्रांनो, तुमच्या घरी येणारी औषधाची प्रत्येक पट्टी अशा कितीतरी अनोळखी माणसांच्या हातांतून आलेली असते. म्हणून एकाची गोळी दुसऱ्याला देऊ नका. डॉक्टरांपासून काही लपवू नका. आणि घरात कुणी जिन्यात मध्येच थांबून कठडा धरत असेल, तर ‘वय झालं’ म्हणून पुढे जाऊ नका. त्यांचा हात धरा आणि त्यांना लवकर घेऊन या. माझ्याकडे फार जण उशिरा आले.