प्रयोगशाळेला कुलूप

कॉलेजातून साहेबराव सर निवृत्त होताना आपल्या जागी रसायनशास्त्र विभागाची प्रमुख म्हणून त्यांनी करुणा खरातचं नाव सुचवलं. ती घाबरलीच.

"सर, मला नुसतं शिकवू द्या. संस्थेच्या माणसांपुढं माझा आवाज फुटत नाय."

"अडचण आली की पोरं कुणाकडं जातात? माझ्याकडं नाय, तुझ्याकडं. प्रमुख तू कधीच झालीस. आता खुर्चीत बस."

ती बसली. गंगापूरला तिच्या आईनं, चंपाबाईनं, गल्लीभर पेढे वाटले.

महिनाभरातच प्रात्यक्षिकाच्या सरावात दीपमाला नावाची विद्यार्थिनी आम्लाच्या वाफेनं गुदमरून कोसळली. करुणानं तिला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. पोरगी वाचली, पण रिक्षात तिचे निळे पडत चाललेले ओठ करुणाच्या डोळ्यांपुढून हलेनात. प्रयोगशाळेतले हवा बाहेर फेकणारे पंखे कधीपासून बंदच होते.

दुसऱ्या दिवशी प्रात्यक्षिकाची परीक्षा होती. मुलं प्रयोगशाळेच्या दाराबाहेर उभी होती. तेवढ्यात संस्थेचे सचिव ऋतुराज देशमुख आले.

"मॅडम, परीक्षक पडेगावपर्यंत आलेत. सुरू करा."

"सर, पंखे..."

"खिडक्या उघडा."

"काल उघड्याच होत्या, सर."

सचिव हसले. "या खुर्चीसाठी कितीजण रांगेत होते, माहीत आहे ना?"

करुणानं दाराकडं पाहिलं. खुर्ची गेली तर गेली, पण नोकरीच गेली तर? आईला काय सांगायचं? तिनं दार ओढून घेतलं आणि कुलूप लावायला लागली. घाईत किल्ली आत जाईना.

मागून कुणीतरी किल्ली घेतली. विभागातलीच प्राध्यापिका तनुजा होती. प्रमुखपद आपल्यालाच मिळणार असं धरून चाललेली, तेव्हापासून करुणाशी धड न बोलणारी. तिनं कुलूप लावलं.

"मीही आत जाणार नाही, सर," ती म्हणाली. मग विभागातले बाकीचे दोन प्राध्यापकही पुढं आले.

सचिवांनी प्राचार्यांना फोन लावला. चारही प्राध्यापक अडून बसलेत, हे सांगताना त्यांचा आवाज चढला, मग पलीकडचं ऐकून उतरला. "पंखे बसेपर्यंत परीक्षा पुढं," एवढंच बोलून ते निघून गेले.

करुणा जिन्यावरच बसली. तिला रडू आलं.

आठवडाभरात पंखे बसले, परीक्षाही झाली. सचिव आता समोर आले तर मान फिरवतात. जूनमध्ये विभागप्रमुख बदलणार, अशी कुजबुज आहे. फोन वाजला की करुणा अजून आधी नंबर बघते.

तरी तिनं विभागाची बैठक बोलावली. सगळं आपल्या एकटीच्या हातात ठेवायचं नाही, असं तिनं ठरवलं होतं.

"सुरक्षेचं कोण बघणार?" तिनं विचारलं.

"मी," तनुजा म्हणाली. "पण ऐनवेळी माझ्या पाठीशी तू उभं राहायचं."

"मला लई भीती वाटते गं."

"कुलूप लावताना मलाही वाटत होती. पुढचा विषय घे."