सिस्टरचं बाळंतपण

"आता ढेकर काढायला मी शिकवू होय तुला?" सासूबाई हसत म्हणाल्या आणि भाजी चिरायला स्वयंपाकघरात गेल्या. सिस्टर बाळाला खांद्यावर घेऊन खिडकीशी उभी होती. हात त्याच्या पाठीवरून आपोआप फिरत होता.

गल्लीत सगळे तिला सिस्टरच म्हणत. लिफ्ट दुरुस्त करणारा नवरासुद्धा, लाडात आला की. प्रसूतिगृहात कितीतरी बायकांना तिने मोकळं केलं होतं. गरोदर बायकांचा वर्गही तीच घ्यायची. कळा कशा ओळखायच्या, बाळाला छातीशी कसं धरायचं, सगळं समजावून सांगायची. कुणी घाबरली की तिचं एक ठरलेलं वाक्य असे : बाळाचं तोंड बघितलंस की सगळं विसरशील.

तिचं स्वतःचं बाळंतपण सुखरूप झालं. मुलगा गुटगुटीत. भेटायला येणारी प्रत्येक बाई बाळाकडे बघायची आणि म्हणायची, तुला काय सांगायचं, तूच आम्हाला शिकवतेस. सिस्टर मान हलवायची. बाळाचं दूध, आंघोळ, लंगोट, कशातच चूक नव्हती. पण ती हे सगळं ड्यूटीवर असल्यासारखं करत होती, दुसऱ्या कुणाचं तरी मूल सांभाळावं तसं. बाळ झोपलं तरी तिचा डोळा लागत नसे. घास तोंडात फिरत राही. नवऱ्याने विचारलं तेव्हा दमलेय म्हणाली. त्या दिवसापासून तो बिचारा भांडी घासू लागला. त्यापुढे त्याचं डोकं चालेना. सासूबाई मात्र फोनवर बहिणीला सांगत होत्या, सूनबाई जरा शेफारलीय.

त्या दुपारी शेजारची शिवणकाम करणारी बाई आली. तिला आठवा महिना लागला होता आणि ती सिस्टरच्या वर्गाला येत असे. बाळासाठी तिने झबली शिवून आणली होती. पोटामुळे आता मशीनजवळ सरकता येत नाही, हात तेवढे पोचतात, असं सांगून ती हसली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "सिस्टर, खरं सांगा. बाळाला बघितलं की सगळं विसरायला होतं ना?"

ठरलेलं वाक्य सिस्टरच्या ओठांवर आलं, पण बाहेर पडेना.

"नाही," ती म्हणाली. "मला काहीच वाटलं नाही. अजून वाटत नाही."

स्वयंपाकघरातला सुरीचा आवाज थांबला. शेजारणीचा चेहरा उतरला. काहीतरी निमित्त काढून तिला उठता आलं असतं. पण ती जागची हलली नाही.

"मग काय वाटतं?"

"मी नसले तर याचं बरं होईल, असं वाटतं. रोज वाटतं. कपडे वाळत घालायला गच्चीवर जायचं म्हटलं की माझीच मला भीती वाटते."

सासूबाई दारात उभ्या होत्या. पुढे येऊन त्यांनी बाळाला तिच्या खांद्यावरून अलगद आपल्याकडे घेतलं.

"चपला घाला," शेजारीण म्हणाली. "तुमच्याच दवाखान्यात जाऊ."

"तिथे सगळे मला ओळखतात."

"बरंच आहे की. नाव सांगत बसावं लागणार नाही."

घराला कुलूप लावून तिघी निघाल्या. नवरा कामाच्या कपड्यांतच तिकडे पोचला. डॉक्टरीणबाईंनी आडपडदा न ठेवता सगळं विचारून घेतलं. हा आजार आहे, म्हणाल्या, नाटक नव्हे आणि मनाचा दुबळेपणाही नव्हे. मनाच्या डॉक्टरांना त्यांनी लगेच बोलावून घेतलं आणि तिला एकटं सोडायचं नाही, असं घरच्यांना बजावलं.

औषधं सुरू झाली, डॉक्टरांशी बोलणं सुरू झालं. गच्ची नवऱ्याकडे गेली, रात्रीचं जागरण सासूबाईंकडे. बहिणीचा फोन आला तेव्हा त्या म्हणाल्या, सूनबाई आजारी आहे, आणि लवकर ठेवून दिला. बरं वाटणं मात्र सावकाश आलं, कधी दोन पावलं पुढे, कधी तीन मागे. एका सकाळी चहाला चव लागली. तिने नवऱ्याला विचारलं, आज साखर जास्त घातलीस का? त्याने रोजचीच घातली होती. पुढे केव्हातरी बाळाचे केस पुसताना त्याचा कान तिच्या वडिलांच्या कानासारखा आहे, हे तिच्या लक्षात आलं आणि ती तो कान बराच वेळ बघत राहिली.

ती पुन्हा कामावर रुजू झाली. बरोबरच्या परिचारिकांना ती सांगू लागली : बाळाचं वजन झालं की आईजवळ बसा. जीव नकोसा होतो का, असं सरळ विचारा. विचारल्याने ते कुणाच्या डोक्यात शिरत नाही. एक जुनी सहकारी कुरकुरली, पोटुश्या बायकांना कशाला घाबरवतेस? सिस्टर म्हणाली, कळांचंही सांगतोच की आपण.

वर्गात ती आता स्वतःचं सगळं सांगते, आवाज न चढवता. सांगून झाल्यावर हळूहळू प्रश्न येतात. परवा पहिलटकरीण असलेल्या एका मुलीने विचारलं, "सिस्टर, तुमचा मुलगा पहिल्यांदा हसला तेव्हा कसा दिसला हो?"

"मला नाही माहीत," सिस्टर म्हणाली. "मी समोरच असेन तेव्हा. पण मला दिसलं नाही. सासूबाईंना दिसलं."

मुलगी ओशाळली. सिस्टरने तिच्या पाठीमागची उशी नीट केली आणि म्हणाली, "टेकून बस. हं, आता श्वास कसा घ्यायचा ते बघू."