दोरीच्या दुसऱ्या टोकाला

माझे सासरे तारमास्तर होते. तारा बंद पडून जमाना झाला, पण तळ्यावर गळ टाकायला येणारी मंडळी त्यांना अजून तारमास्तरच म्हणायची. बोलणं मोजकं. जणू तारेसारखे शब्दागणिक पैसे पडतात.

मी फ्रिज दुरुस्त करतो. उन्हाळ्यात आम्हाला मान वर करायला फुरसत नसते. तरी बायकोने बजावून ठेवलं होतं, "बाबांना एकटं सोडायचं नाही. उन्हात चक्कर आली तर?" म्हणून दर सुट्टीला त्यांची छत्री, हातजाळं आणि उकडलेल्या मक्याचा डबा घेऊन मी त्यांच्या मागे चालायचो. मला माशांतलं ओ की ठो कळत नाही. मी आपला सावली बघून डुलकी काढायचो.

तळं म्हणजे पाणीपुरवठ्याचा जुना तलाव. पंपघराला कुलूप. उन्हाळ्यात पाणी उतरलं की तळातल्या पाणवेली वरपर्यंत यायच्या आणि सगळा तलाव हिरव्या गोधडीसारखा दिसायचा. मोठे कार्प मासे ऊन टाळायला त्या वेलींच्या खाली शिरतात. वारा नसताना एखादा देठ थरथरला, की त्याच्याखाली मासा आहे असं समजायचं. हे सासऱ्यांनी मला शिकवलं होतं. आणखी एक शिकवलं होतं. गळाला लागलेला कार्प वेलींत घुसला, तर ओढाताण करायची नाही. "ताणलं की तो रुतून बसतो. सैल सोडा. त्याचा तोच बाहेर येतो."

त्या दिवशी ऊन असं होतं की बाकीची मंडळी अकरालाच सामान गुंडाळून घरी गेली. काठावर आम्ही दोघंच. एकच्या सुमाराला रीळ करकरलं. सासरे उठेपर्यंत मासा वेलींत घुसला आणि दोरी अडकली. त्यांनी काठी टेकूवर ठेवली, दोरी सैल सोडली, आणि तंगुसाची ती बारीक दोरी डाव्या हाताच्या दोन बोटांत हलकेच धरून बसले. माझा डोळा लागला.

"जावईबापू, इकडे या."

आवाज नेहमीचा नव्हता. मी धडपडत गेलो.

"हे धरून बघा."

दोरी धरली. ती सैल नव्हती. कुणीतरी पलीकडून अलगद ताणून धरल्यासारखी होती. आणि ती टिचकत होती. टिक. टिक टिक. मग जरा थांबून, पुन्हा टिक.

"मासा हलतोय," मी म्हणालो.

"मासा असा हलत नाही." त्यांनी दोरी परत घेतली. त्यांचे ओठ आपोआप हलत होते, लहान मुलं वाचताना हलतात तसे. "आलो, असं म्हणतोय."

"कोण?"

"ठेचाळ्या."

मला हसू फुटणार होतं. पण सात वर्षांत या माणसाने एकदाही थट्टा केली नव्हती. त्या रणरणत्या उन्हात त्यांच्या हातावर काटा आला होता.

मग डोळे पाण्यावरून न काढता त्यांनी मला सांगितलं. तारेच्या पलीकडल्या टोकाला, दुसऱ्या गावच्या ऑफिसात, एक माणूस होता. अकरा वर्षं रोज बोलणं व्हायचं, पण तोंड एकमेकांचं कधी पाहिलं नाही. प्रत्येक तारवाल्याचा हात वेगळा असतो म्हणे, आवाजासारखा. याचा हात दर तिसऱ्या ठोक्याला ठेच लागल्यासारखा अडायचा, म्हणून सासरे त्याला ठेचाळ्या म्हणायचे. एकदा अशीच उन्हाळ्यातली दुपार होती. तार अर्धी झाली आणि ठेचाळ्याने मध्येच कळवलं, 'थांब, आलोच.' मग शुकशुकाट. सासरे ड्युटी संपेपर्यंत थांबले. दुसऱ्या दिवशी पलीकडे निराळाच हात होता. तो म्हणाला, मला ठाऊक नाही, मी आजच रुजू झालो.

"तुम्ही चौकशी नाही केलीत?"

"उद्या करू, उद्या करू म्हणत राहिलो. तुमच्या बायकोचा जन्म त्याच आठवड्यातला." त्यांनी मान दोरीकडे झुकवली. "अडतोय बघा. दर तिसऱ्याला. हात त्याचाच आहे."

दोरी पुन्हा टिचकली.

"आता काय म्हणतोय?"

"आहेस का, म्हणतोय."

मी काही बोलायच्या आत त्यांनी उजव्या हाताच्या नखाने दोरीवर ठोके दिले. भराभर, सफाईने. चहाचा कप धरताना थरथरणारा तो हात तेव्हा अजिबात थरथरत नव्हता. उत्तर मी न विचारताही कळलं. आहे.

तेवढ्यात उजवीकडे, वीसेक पावलांवर, वेलींची कड फाटली आणि एक भला थोरला कार्प संथपणे उघड्या पाण्यात आला. त्याच्या ओठाला आमचा गळ होता. सासऱ्यांनी सकाळी ओवलेला लाल मणी मी स्वच्छ पाहिला. गळामागे वीतभर तुटकी दोरी लोंबत होती. मासा एकदा वळला आणि खाली गेला.

मासा सुटला होता. आणि सासऱ्यांच्या बोटांतली दोरी समोर सरळ वेलींत गेलेली, तशीच ताठ होती. ती टिचकत होती.

मी म्हणालो, "बाबा, सोडा ती. घरी चला."

त्यांना माझं बोलणं ऐकूच गेलं नाही. दोरीवर एकच छोटा शब्द आला असावा, कारण ते लगेच उठले. चपला काढून एकावर एक नीट ठेवल्या, देवळाबाहेर ठेवतात तशा, आणि पाण्यात उतरले. दोरी मुठीतून सरकवत, कठड्याला धरून जिना उतरावा तसे. घोटे, गुडघे. वेली त्यांच्या पायांना लागून बाजूला होत होत्या. मला वाटलं, त्या वाट देताहेत.

मी धावत गेलो आणि मागून त्यांच्या कमरेला मिठी घातली.

"अरे, सोड मला! चल म्हणतोय तो. इतकी वर्षं ताटकळत ठेवलं मी त्याला!"

मला कधी 'अरे' न म्हणणारा माणूस. अंगात इतकं बळ कुठून आलं देव जाणे. आम्ही दोघंही कमरेपर्यंत पाण्यात. वर पाणी कोमट, पण पायांना बर्फासारखं गार लागत होतं. माझ्या खिशात पक्कड असते, धंद्याची सवय. एका हाताने त्यांना धरून दुसऱ्या हाताने मी दोरी पकडीत घेतली आणि कापली.

सासरे हिसक्याने फिरून माझ्या अंगावर कोसळले. त्यांचं तोंड काठाकडे होतं, त्यामुळे पुढचं त्यांनी पाहिलं नाही. मी पाहिलं. कापलेली दोरी अडकलेली असती तर झटक्याने मागे जाऊन सैल पडली असती. ती सैल पडली नाही. हातभर आत गेली, थांबली. पुन्हा हातभर गेली, थांबली. विहिरीतून कुणी पोहरा ओढावा तशी. शेवटचं टोक वेलींखाली नाहीसं होईपर्यंत मला मान वळवता आली नाही.

घरी कुणालाच काही सांगितलं नाही. पाय घसरला, एवढंच. पण सासऱ्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं. काही हवं असेल तर माझ्यासमोरच लेकीला म्हणायचे, "तुझ्या नवऱ्याला सांग, तो पंखा इकडे वळव." बायको विचारायची, तुमचं बिनसलं तरी काय? मी म्हणायचो, उन्हाचा त्रास.

दोन-अडीच आठवड्यांनी, भर दुपारी, ते दुकानात आले. मी एक जुना फ्रिज उघडून बसलो होतो. ते स्टुलावर बसले. पाणी दिलं ते प्यायले नाहीत.

"एक विचारायचं होतं," ते म्हणाले. "तुम्ही कापलीत तेव्हा मी पाठमोरा होतो. दोरी पलीकडून ओढली गेली, की सैल पडली?"

मी हातातला पाना खाली ठेवला. त्यांच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. ओढली गेली म्हटलं असतं, तर तिथून उठून ते थेट कुठे गेले असते, ते मला ठाऊक होतं.

"सैल पडली," मी म्हणालो. "लगेच. पाण्यावर पसरली."

"नक्की?"

"माझ्या डोळ्यांनी पाहिलं, बाबा."

ते म्हणाले, "म्हणजे त्यानेही सोडली," आणि ग्लास उचलून सगळं पाणी एका दमात प्यायले.

काठ्या आता माळ्यावर आहेत. ते संध्याकाळी लेकीबरोबर फिरायला जातात, माझ्याशी पूर्वीसारखंच मोजकं बोलतात, झोपही शांत लागते म्हणतात. झोप माझी उडाली आहे.